डिजिटल बिझनेसमध्ये एमबीए करायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

वाशिम : पदवीचा निकाल लागला की रिसोड असो की मानोरा, पोरापोरींचे फोन वाजायला लागतात. डिजिटल बिझनेसमध्ये एमबीए, घरबसल्या, प्रवेश परीक्षा नाही, फी हप्त्याने. समोरचा गोड बोलतो आणि आजच सीट बुक करा म्हणतो. घरात मात्र प्रश्न पडतो, की हे शिक्षण आहे तरी काय आणि त्यात पैसा घालावा का?

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे फीच्या प्रत्येक लाखामागे जवळपास १९ क्विंटल सोयाबीन जातं, तेही हमीभाव मिळाला तर. म्हणून घाई न करता आधी माहिती घेतलेली बरी.

डिजिटल बिझनेस म्हणजे काय?

धंदा तोच, पण त्याची खरेदी-विक्री, पैसे, हिशेब आणि ग्राहक हे सगळं इंटरनेटवरून चालतं. किराणा दुकानातला यूपीआयचा क्यूआर कोड हे त्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी १४ एप्रिलला केंद्राचा ई-नाम हा ऑनलाइन बाजार सुरू झाला. ई-नामच्या पद्धतीत बाजार समितीच्या गेटवर मालाची नोंद होते, नमुना तपासला जातो, व्यापारी ऑनलाइन बोली लावतात आणि पैसे बँक खात्यात येतात.

या प्रत्येक टप्प्यामागे कुणीतरी बसलेलं असतं. माहिती गोळा करणारा, दराचा अंदाज बांधणारा, वाहतूक जुळवणारा, पैशाचा व्यवहार सुरक्षित ठेवणारा. हीच कामं या अभ्यासक्रमात शिकवतात.

दोन वर्षांत काय शिकवतात?

एमबीए दोन वर्षांचं, चार सेमिस्टरचं असतं. पहिल्या वर्षी हिशेब, अर्थशास्त्र, मार्केटिंग, मनुष्यबळ हे नेहमीचे विषय असतात. पुढे ऑनलाइन विक्री, डिजिटल मार्केटिंग, डेटाचं विश्लेषण, ऑनलाइन पेमेंट, माल पोचवण्याची साखळी, सायबर सुरक्षा आणि कायदा असे विषय येतात. सोबत प्रोजेक्ट आणि कंपनीतली इंटर्नशिप असते.

कोडिंग आलंच पाहिजे असं नाही. पण आकड्यांची भीती असली तर जड जातं. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., कृषी पदवी, कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो.

हे नाव सगळीकडे सारखं नसतं. कुठे डिजिटल बिझनेस, कुठे ई-बिझनेस, कुठे बिझनेस अ‍ॅनालिटिक्स. बऱ्याच ठिकाणी पदवी साध्या एमबीएचीच असते आणि हे विषय दुसऱ्या वर्षी निवडायचे असतात. म्हणून नावापेक्षा विषयांची यादी मागून घ्या.

प्रवेशाचे तीन रस्ते

पहिला रस्ता : राज्याची सीईटी. राज्य सीईटी कक्ष एमबीएची परीक्षा घेतो. पेपर संगणकावर, इंग्रजीत. २०० प्रश्न, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये. पदवीला ५० टक्के गुण लागतात, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गासाठी ४५ टक्के. शेवटच्या वर्षाला असलेलेही अर्ज करू शकतात. त्यानंतर कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून कॉलेज मिळतं. वाशिम जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतो. विद्यापीठाचा स्वतःचा व्यवस्थापन विभाग अमरावतीला आहे.

दुसरा रस्ता : मोठ्या संस्था. आयआयएमसाठी कॅट परीक्षा द्यावी लागते. नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे. पुण्यात सिम्बायोसिसची डिजिटल अँड टेलिकॉम मॅनेजमेंट ही संस्था आहे, तिथे स्नॅप परीक्षेतून प्रवेश होतो. इथली फी लाखांत असते.

तिसरा रस्ता : मुक्त किंवा ऑनलाइन शिक्षण. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू या दोन्ही सरकारी विद्यापीठांत एमबीए आहे. नोकरी किंवा वावर सांभाळून शिकणाऱ्यांना हा रस्ता सोयीचा. मान्यता असलेली दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

रस्ता चुकला की सवलत जाते

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं लागतं. मोठी अट अशी, की प्रवेश कॅप फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं तर ही सवलत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात येत नाहीत.

म्हणजे सीईटी न देता फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून प्रवेश घेतला, तर जी फी माफ झाली असती तीच घरातून भरावी लागते. माफी फीची आहे. खोलीभाडं आणि मेसचा खर्च वेगळा धरावा.

मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. अर्ज महाडीबीटीवर होतो. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र आणि जात पडताळणी ही कागदपत्रं निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा.

कर्ज घ्यायचंच असेल तर आधी बँकेत विचारा. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या प्रवेशाला तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलं आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ नसला, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. फोनवर ज्याला नुसता हप्ता म्हणतात, ते बरेचदा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. सही कशावर घेतात ते वाचा. हप्ते थकले तर सिबिल खराब होतो आणि पुढच्या कर्जाला अडचण येते.

पैसे देण्याआधी तपासा

- कॉलेज एआयसीटीई मान्यताप्राप्त आहे का? एआयसीटीईच्या संकेतस्थळावर यादी असते.
- ऑनलाइन किंवा दूरशिक्षण असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं, त्या अभ्यासक्रमाचं आणि त्या वर्षाचं नाव आहे का?
- अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः डेब आयडी काढावा लागतो. हे न विचारता कुणी प्रवेश पक्का म्हणत असेल तर सावध व्हा.
- मिळणार काय, पदवी, डिप्लोमा की सर्टिफिकेट? कायद्याने पदवी विद्यापीठ किंवा तसा अधिकार असलेली संस्थाच देऊ शकते. पीजीडीएम हा डिप्लोमा आहे. चांगल्या संस्थेचा असेल तर कंपन्यांत चालतो, पण फरक माहीत असावा.
- फी विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या खात्यातच भरा, कुणाच्या खासगी नंबरवर नाही.
- मूळ टीसी, मार्कशीट कुणाकडे ठेवू नका. कॉलेजने मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे.
- दहा दिवसांत एमबीए अशा जाहिरातींना भुलू नका. २०२४ मध्ये यूजीसीने यावर जाहीर इशारा दिला होता.

नोकरीचं काय?

शंभर टक्के प्लेसमेंट असं कुणी म्हटलं तर मागच्या वर्षीची यादी लेखी मागा : किती पोरं होती, किती लागली, कोणत्या कामाला, किती पगारावर. ऑनलाइन विक्रीच्या कंपन्या, बँका, विमा, मालवाहतूक, जाहिरात संस्था इथे या शिक्षणाचं काम असतं. पण सुरुवात बहुतेकदा पुणे-मुंबईत किंवा नागपुरात करावी लागते. गावाकडे शेतकरी उत्पादक कंपनी, डाळ मिल, गोदाम यांनाही असं माणूस लागतं, मात्र पगार शहराएवढा मिळेलच असं नाही.

हा विषय आपल्याला जमेल का, हे फुकटात पाहता येतं. केंद्राच्या स्वयम पोर्टलवर मार्केटिंग, डेटा, ई-कॉमर्सचे कोर्स आहेत आणि ते शिकायला पैसे लागत नाहीत. महिनाभर मोबाईलवर एक कोर्स करून पाहावा. गोडी लागली तर सीईटीचा अर्ज भरावा. नाही लागली, तर निदान सोयाबीनचा पैसा घरात राहतो.