दंतरोपणानंतरची वेदना आणि संवेदनशीलता

दंतरोपणानंतरची वेदना आणि संवेदनशीलता या संज्ञेत जबड्याच्या हाडात कृत्रिम दंतमूळ बसवल्यानंतर जाणवणारे दुखणे, सूज, बधिरता, चावताना होणारा त्रास आणि गरम-थंड पदार्थांमुळे येणारी सणक यांचा समावेश होतो. पहिल्या काही दिवसांतील दुखणे हा जखम भरून येण्याच्या प्रक्रियेचा स्वाभाविक भाग असतो. रोपण धातूचे किंवा सिरॅमिकचे असल्याने ते स्वतः दुखू शकत नाही. वेदना सभोवतालच्या हाडातून, हिरडीतून, जवळच्या चेतेतून किंवा शेजारच्या नैसर्गिक दातातून येते. त्यामुळे दुखणे केव्हा सुरू झाले, ते कमी होत आहे की वाढत आहे आणि नेमके कोठे जाणवते, यांवरून त्याचे कारण बऱ्याच अंशी ओळखता येते.

रचना आणि पार्श्वभूमी

दंतरोपणाचे सामान्यतः तीन भाग असतात : हाडात बसणारा स्क्रूच्या आकाराचा भाग, त्यावरील जोडभाग (ॲबटमेंट) आणि दाताच्या आकाराची कॅप. हाडातील भाग बहुधा टायटॅनियमचा किंवा त्याच्या मिश्रधातूचा असतो. काही वेळा झिर्कोनियाचाही वापर केला जातो. स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांवरील प्रयोगांत टायटॅनियम हाडाशी घट्ट जोडले जात असल्याचे आढळले. या जोडणीला ऑसिओइंटिग्रेशन (अस्थिएकीकरण) असे म्हणतात. १९६५ मध्ये त्यांनी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णावर अशा प्रकारचे दंतरोपण केले. १९८२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर ही पद्धत जगभर स्वीकारली जाऊ लागली.

हाड आणि रोपण यांची जोडणी पक्की होण्यास साधारणतः ३ ते ६ महिने लागतात. वरच्या जबड्याचे हाड तुलनेने पोकळ असल्यामुळे तेथे अधिक काळ लागू शकतो.

संवेदनेचे स्वरूप

नैसर्गिक दाताला दोन ठिकाणांहून संवेदना मिळते. दाताच्या आतील मज्जेत चेतातंतू असतात. दंतवल्क झिजल्यास किंवा मूळ उघडे पडल्यास दंतिनातील सूक्ष्म नलिकांमधील द्रव गरम-थंड पदार्थांच्या स्पर्शाने हलतो आणि सणक जाणवते. दुसरे स्थान म्हणजे दातमूळ आणि हाड यांच्यामधील परिदंत अस्थिबंध. त्यातील संवेदकांमुळे घासातील लहानसा खडाही लगेच कळतो आणि जबडा आपोआप थांबतो.

रोपणात मज्जा नसते आणि त्याच्याभोवती परिदंत अस्थिबंधही नसतो. त्यामुळे रोपणावरील दाताला थंड पाण्याने सणक येत आहे असे वाटले, तरी तिचा उगम बहुधा शेजारच्या नैसर्गिक दातात किंवा उघड्या पडलेल्या हिरडीत असतो. दोन दातांमध्ये धरलेली सुमारे २० मायक्रोमीटर जाडीची पट्टी नैसर्गिक दातांना जाणवते. रोपणाच्या बाबतीत ती सुमारे ५० मायक्रोमीटर जाड असावी लागते. हाड, स्नायू आणि जबड्याचा सांधा यांच्यामार्फत काही प्रमाणात दाब कळतो, त्याला ऑसिओपर्सेप्शन असे म्हणतात. दाबाची जाणीव मंद असल्याने रोपणावर अतिरिक्त भार पडत असूनही रुग्णाच्या ते लवकर लक्षात येत नाही.

वेदनेची सामान्य वाटचाल

बधिरतेच्या इंजेक्शनचा परिणाम काही तासांत ओसरतो आणि दुखणे सुरू होते. वेदना व सूज बहुधा पहिल्या २ ते ३ दिवसांत सर्वाधिक असतात आणि त्यानंतर उतरू लागतात. गालावर काळे-निळे डाग पडणे, तोंड पूर्ण न उघडणे आणि लाळेत किंचित रक्त दिसणे हेही या काळात आढळते. साधारणतः आठवड्याभरात दुखणे बरेच कमी होते आणि ७ ते १४ दिवसांत टाके काढले जातात. हाडाची भर घातली असल्यास, वरच्या जबड्यातील सायनसचा तळ उचलला असल्यास किंवा एकाच वेळी अनेक रोपणे बसवली असल्यास त्रास अधिक दिवस राहू शकतो.

पुढे जोडभाग किंवा कॅप बसवताना हिरडीवर ताण येतो आणि काही दिवस हुळहुळल्यासारखे वाटते. ही संवेदना सौम्य असते व आपोआप ओसरते.

असामान्य वेदनेची कारणे

उतरलेले दुखणे पुन्हा वाढणे किंवा काही महिन्यांनंतर नव्याने सुरू होणे असामान्य मानले जाते. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

* जंतुसंसर्ग : ठणका, वाढती सूज, पू, तोंडाला दुर्गंधी आणि कधी ताप.
* हाडाला पोहोचलेली उष्णता : छिद्र पाडताना हाडाचे तापमान सुमारे ४७ अंश सेल्सियसवर मिनिटभर राहिल्यास हाडाच्या पेशींना इजा होऊ शकते. म्हणून सलाइनच्या धारेने ड्रिल थंड ठेवले जाते.
* अस्थिएकीकरण न होणे : चावताना किंवा दाबल्यावर दुखते आणि रोपण स्वतःच हलते. असे रोपण बहुधा काढावे लागते.
* स्क्रू सैल होणे : कॅप हलते व हिरडी दुखते, परंतु हाडातील भाग पक्का असतो. स्क्रू पुन्हा आवळून किंवा बदलून हा दोष दूर करता येतो.
* कॅप उंच असणे : दात मिटताना रोपणावर अतिरिक्त भार पडतो.
* हिरडीखाली राहिलेले सिमेंट : कॅप चिकटवताना उरलेल्या सिमेंटमुळे हिरडीला दाह होतो.
* सायनसचा दाह : वरच्या जबड्यातील रोपणानंतर गाल जड होणे, नाक चोंदणे आणि वाकल्यावर दुखणे.
* शेजारच्या दाताचे विकार : कीड, तडा किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी मुळाला झालेली इजा.

चेतेला होणारी इजा

खालच्या जबड्याच्या हाडातून एक मोठी चेता जाते आणि तिची शाखा हनुवटीजवळ बाहेर पडून खालचा ओठ व हनुवटी यांना संवेदना पुरवते. रोपणाचे टोक आणि ही चेता यांच्यात किमान २ मिलिमीटर अंतर राखण्याची पद्धत आहे. ड्रिलने किंवा रोपणाने चेता दाबली गेल्यास ओठ व हनुवटी बधिर होणे, मुंग्या येणे, जळजळ होणे किंवा साध्या स्पर्शानेही दुखणे अशी लक्षणे दिसतात.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असल्यास तो इंजेक्शनचा परिणाम समजून थांबणे धोक्याचे ठरू शकते. रोपण चेतेवर दाबत असल्यास ते पहिल्या एक-दोन दिवसांत काढल्याने संवेदना परत येण्याची शक्यता वाढते. सौम्य इजा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येते, तर गंभीर इजेत बधिरता कायम राहू शकते.

वेदनारहित विकार

वेदना नसली तरी रोपण निरोगी असेलच असे नाही. रोपणाभोवतीच्या हिरडीच्या दाहाला पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस असे म्हणतात. दाताभोवतीचा मळ काढून तो बरा करता येतो. दाह हाडापर्यंत पोहोचून हाड झिजू लागल्यास त्याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात आणि गेलेले हाड परत मिळवणे कठीण असते. हे दोन्ही विकार बराच काळ न दुखता वाढू शकतात. घासताना रक्त येणे, हिरडी लाल होणे, पू येणे किंवा रोपणाचा धातू दिसू लागणे ही त्यांची लक्षणे आहेत.

निदान

दंतवैद्य दुखण्याचा इतिहास विचारतात, रोपण व कॅप हलते का ते पाहतात, हिरडीलगतची खोली मोजतात आणि रंगीत कागदाच्या साहाय्याने दातांचा मेळ तपासतात. थंड स्पर्शाने शेजारच्या दातांची चाचणी केल्यास सणकेचे मूळ कळते. क्ष-किरण चित्रातून हाडाची पातळी समजते. चेता किंवा सायनसशी संबंध असल्याची शंका आल्यास जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा सीबीसीटी स्कॅन केला जातो.

उपचार आणि काळजी

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून थोड्या-थोड्या वेळाने बर्फ शेकल्यास सूज कमी राहते. वेदनेसाठी सामान्यतः आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल दिले जाते. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण, दमा किंवा गर्भावस्था असल्यास आयबुप्रोफेन टाळावे लागू शकते. रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करणे धोकादायक असते. क्लोरहेक्सिडीनच्या द्रवाने चूळ भरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो.

आहारात सुरुवातीस पेज, मऊ भात, खिचडी, दही असे कोमट किंवा थंड पदार्थ योग्य ठरतात. शेंगदाणे, चिवडा यांसारख्या पदार्थांचे कण जखमेत अडकू शकतात. दातदुखीवर घरोघरी वापरले जाणारे लवंगेचे तेल ताज्या जखमेवर तसेच लावल्यास ऊतींचा दाह होऊ शकतो. धूम्रपानामुळे जखम भरण्यास विलंब होतो आणि रोपण अयशस्वी होण्याचा धोका वाढतो. महाराष्ट्रात हिरड्यांना लावली जाणारी मिश्री ही भाजलेल्या तंबाखूची असल्याने तीही वर्ज्य मानली जाते. अनियंत्रित मधुमेहातही जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. संवेदनशील दातांसाठीच्या टूथपेस्टचा उपयोग नैसर्गिक दातांना होतो, रोपणाला नाही.

पुढील लक्षणे आढळल्यास दंतवैद्याकडे त्वरित जाणे आवश्यक असते :

* तिसऱ्या दिवसानंतर वेदना किंवा सूज वाढत जाणे
* ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहणे
* ताप येणे, पू येणे किंवा न थांबणारा रक्तस्राव
* रोपण किंवा कॅप हलणे

गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होत असल्यास, अथवा सूज मानेकडे पसरत असल्यास तातडीने रुग्णालयात जावे लागते.

जखम भरल्यानंतर कोणताही त्रास नसला तरी नियमित तपासणी आवश्यक असते. योग्य निगा राखलेली ९० टक्क्यांहून अधिक रोपणे दहा वर्षांनंतरही टिकून असल्याचे दीर्घकालीन अभ्यासांत आढळते.