मदुरा फूट: न दुखणाऱ्या पायाचा इतिहास

पाऊल सुजून बेढब होते, गाठी फुटतात आणि पुवाबरोबर खसखशीएवढे दाणे बाहेर पडतात. कधी काळे, कधी पांढरे, कधी लाल. मदुराईच्या दवाखान्यातील डॉक्टर जॉन गिल यांनी १८४२ मध्ये या विकाराची नोंद केली आणि मदुराईवरूनच त्याला ‘मदुरा फूट’ हे नाव पडले.

कारणाचा शोध मात्र मुंबईत लागला. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. रोग बुरशीचा आहे असे मांडून १८६०च्या सुमारास त्यांनी त्याला ‘मायसेटोमा’ म्हटले. पुढे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. त्यांचा या रोगावरील ग्रंथ १८७४ मध्ये निघाला. नमुन्यांवर उगवलेल्या गुलाबी बुरशीला त्यांनी गुन्हेगार ठरवले, ते चुकले. पण मूळ तर्क अर्धा तरी खरा निघाला.

अर्धाच, कारण हे दोन रोग आहेत. १८९४ मध्ये संशोधक व्हिन्सेंट यांनी पांढऱ्या दाण्यांतून जिवाणू वेगळा केला. काळे दाणे मात्र खऱ्या बुरशीचेच, मुख्यतः ‘मदुरेला मायसेटोमॅटिस’चे. बाहेरून दोन्ही पाय सारखेच दिसतात, उपचार मात्र पूर्ण वेगळे. जिवाणूंवर प्रतिजैविके चालतात. बुरशीवर महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून जास्त बुरशीरोधक गोळ्या आणि जोडीला शस्त्रक्रिया. तरीही रोग उलटतो आणि काहींचा पाय कापावा लागतो. म्हणून दाणे तपासल्याशिवाय औषध सुरू करणे ही निव्वळ अंदाजपंचे दाहोदरसे.

बुरशी मातीत आणि काट्यांवर असते. बाभळीचा काटा रुतला की ती आत शिरते. त्यामुळे धोका मुख्यतः अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांना, गुराख्यांना आणि मजुरांना, त्यातही वीस ते चाळिशीतल्या पुरुषांना. भारतात बुरशीचा प्रकार राजस्थानच्या कोरड्या भागात जास्त, जिवाणूचा दक्षिणेत. सर्वाधिक झळ सुदानला बसते. माणसाकडून माणसाला हा रोग लागत नाही. सुरुवातीची गाठ दुखत नाही, हीच खरी गोम: हातावर पोट असलेला माणूस न दुखणाऱ्या गाठीसाठी रोजगार बुडवून दवाखान्यात जात नाही, आणि जातो तेव्हा बुरशी हाडापर्यंत पोचलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ मध्ये, गिल यांच्या नोंदीनंतर १७४ वर्षांनी.