डोंगा, सांगड आणि पेटी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. ज्या साधनांवर सामान्य माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, त्यांचा इतिहास मात्र क्वचितच कोणी सांगतो. नदीत आणि तलावात मासे धरण्याची लहान होडी हे असेच एक साधन. ती कशी निवडावी आणि कशी वापरावी, हा प्रश्न वरवर पाहता ढिवर-भोयांच्या धंद्यातला वाटतो. परंतु वर्धा जिल्ह्यापुरता त्याचा मागोवा घेतला, तर गेल्या साठ वर्षांत आपल्या पाण्याचे रूप किती पालटले आणि त्या मानाने होडीचा विचार किती मागे राहिला, हे ध्यानात येते.

वर्धा नदी बैतुल जिल्ह्यात मुलताईच्या पठारावर उगम पावते, आपल्या जिल्ह्याची पश्चिम सीमा आखीत खाली जाते आणि पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. धाम, बोर, यशोदा, वणा या तिच्याच परिवारातल्या. या सर्वांचा स्वभाव एक. पावसाळ्यात काठ सोडून धावायचे आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत विसावायचे. अशा पाण्याला डोंगा शोभून दिसे. एका ओंडक्याचे पोट कोरून केलेली ही अरुंद, लांबट होडी डोहात बांबूने रेटता येते आणि वळणावर वल्ह्याने फिरवता येते. काठ हाकेच्या अंतरावर असतो, पाणी बहुधा संथ असते. पुढे कोरीव लाकडाच्या जागी फळ्या आणि पत्रा आला, तरी नाव आणि घडण पुष्कळशी तीच राहिली.

हीच गरज जगाच्या दुसऱ्या टोकाला कशी भागली, हे पाहण्याजोगे आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांच्या मुलखात झाडे नाहीत. त्यांनी समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा व हाडांचा सांगाडा केला, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवले आणि कयाक निर्माण केली. या शब्दाचा अर्थच शिकाऱ्याची होडी. ती एका माणसाच्या अंगाच्या मापाने बेतलेली असे. शिकारी तळाशी पाय पसरून बसे आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे चालवी. समुद्रावरची कयाक जेमतेम ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद असते. म्हणून ती वेगवान, आणि म्हणूनच कलंडणारी. १९७० नंतर प्लॅस्टिकच्या, वर बसायच्या कयाका निघाल्या. त्यांपैकी मासेमारीसाठी केलेल्यांची रुंदी ७५ ते ९० सेंटिमीटरपर्यंत नेण्यात आली. वेग थोडा गेला, पण बैठक स्थिर झाली. होडीची निवड म्हणजे अखेर हाच व्यवहार आहे. अरुंद होडी पळते, रुंद होडी टिकते. दोन्ही गोष्टी एकाच होडीत पुरेपूर मिळत नाहीत.

आपल्या पूर्वजांनी या व्यवहारावर एक नामी तोड काढली होती. ती म्हणजे सांगड. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात सांगड म्हणजे दोन होड्या एकत्र बांधून केलेले तरण, तसेच पोहण्यासाठी जोडलेले भोपळे, असा अर्थ दिला आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या, ओंडक्याच्या होड्या एकत्र बांधून केलेल्या मोठ्या नौकांना ‘संगर’ म्हटले आहे. हा शब्द सांगडीच्याच कुळातला असावा, असे मानण्यास जागा आहे. एकेकटा डोंगा कलंडतो. दोन डोंगे अंतर राखून बांधले की तो धोका पुष्कळ उणावतो. आजच्या मच्छीमार कयाकांना बाजूने तरंगते ठोकळे जोडतात, त्यामागचे तत्त्वही हेच.

आता आपल्या पाण्याकडे वळू. १९६५ मध्ये बोर धरण झाले. १९९३ मध्ये सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण उभे राहिले. पुढे धनोडीला निम्न वर्धा प्रकल्प आला. जेथे डोह होते तेथे सरोवरे झाली. त्याआधीच १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साह्याने कार्पजातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले होते, त्यामुळे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तलावांत सोडणे सुकर झाले. मासा वाढला, जाळी लांबली, आणि डोहातला डोंगा सरोवरावर गेला. येथेच खरी अडचण आहे. मोकळ्या पाण्यावर वारा जितका लांबवर वाहतो तितकी लाट मोठी होते. तळ खोल, म्हणून बांबू टेकत नाही. बुडालेल्या झाडांच्या खोडांत जाळे अडकते, आणि ते ओढणारा माणूस एका काठावर वाकला की होडीही त्याच काठावर झुकते.

म्हणून तलावासाठी होडी घेताना लांबीआधी रुंदी पाहावी. ओझे भरल्यावर पाण्याबाहेर किती काठ उरतो, ते पाहावे. होडीत पाणी भरले तरी ती तरंगत राहील असे हवाबंद कप्पे आहेत की नाहीत, हे तपासावे. वापरताना वजन तळाशी ठेवावे. उभे राहून जाळे फेकायचे तर होडी रुंदच हवी. मोठी लाट आडवी न घेता नाळेवर घ्यावी. ढग दाटताच जाळ्याचा मोह सोडून काठ गाठावा. आणि मासेमारीची होडी प्रवाशांसाठी वापरू नये.

हा शेवटचा नियम मोडल्याचे मोल आपल्याच नदीने दाखविले आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत होडी उलटून अकरा जण बुडाले. मृताच्या उत्तरक्रियेसाठी आलेल्या आप्तांचा तो परिवार होता. होडी लहान होती, माणसे अधिक होती.

बुडणाऱ्याला तरंगवण्याची युक्ती आपल्याला नवी नाही. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भगवंत भक्तांना पैलतीरी कसे नेतो, ते सांगितले आहे. एकट्याला कासेला लावतो, कुटुंबवत्सलाला नावेत बसवतो, आणि एखाद्याच्या पोटाशी पेटी बांधून त्याला काठाला आणतो. ऐकणाऱ्याला पेटी ठाऊक होती, म्हणूनच ती उपमा त्याला भिडत असे. भोपळ्याची ती पेटी म्हणजे आजचे तरंगते जाकीट. तलावाचा ठेका देणाऱ्याने आणि घेणाऱ्या सहकारी संस्थेने जाळी व बीज यांच्या हिशेबात दर डोंग्यामागे माणशी एक जाकीट धरले, तर खर्च फार वाढत नाही. सातशे वर्षांपूर्वी जे साधन श्रोत्यांच्या ओळखीचे होते, ते आज सरोवरावर जाणाऱ्या ढिवराच्या अंगावर नसावे, ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाही.