इंद्रायणीचा घाट आणि देशोदेशीचे सण

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीतून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची वाट धरते. आळंदीची वेस ओलांडली की लगेच चऱ्होलीची हद्द लागते. तिथे वडमुखवाडीला थोरल्या पादुकांपाशी पालखी टेकते, आरती होते आणि मग सोहळा दिघीकडे सरकतो. आमच्या चऱ्होलीचे भाग्य ते एवढेच, पण केवढे! अलीकडे चऱ्होली बुद्रुक, पलीकडे चऱ्होली खुर्द, मधून इंद्रायणी. गावात वाघेश्वराचे देऊळ, आणि वर्षाचा हिशेब एकादश्या, सप्ताह आणि वाऱ्या यांवर चाललेला.

1997 साली चऱ्होली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली. शेतांच्या जागी बारा-बारा मजली इमारती उठल्या. आज त्या इमारतींत आणि चाळींत बिहारचे, उत्तर प्रदेशाचे, ओडिशाचे, केरळचे, कर्नाटकाचे लोक राहतात. कोणी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करतो, कोणी भोसरीत लेथ चालवतो, कोणी याच इमारतींच्या विटा वाहतो. माणूस आला की त्याच्या पाठोपाठ त्याचा देव येतो, आणि देव आला की सण येतो. गावातली तरुण मंडळी मला विचारतात, "महाराज, घाट आपला, नदी माउलींची. मग या सगळ्यांचे सण इथे कशाला?" प्रश्न कोणी कुत्सितपणे विचारत नाही. गावपण हातातून निसटते आहे या भीतीतून तो येतो. म्हणून त्याला नुसते 'सगळे देव एकच' असे गुळमुळीत उत्तर देऊन भागत नाही. आधी इतिहास पाहिला पाहिजे.

पूर्वपक्ष असा, की हे लोक उपरे आणि आपण मूळचे. ठीक. मग हे नगर वसले कसे ते पाहू. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली सिंधी कुटुंबे पिंपरीच्या छावणीत, पवनेकाठी आली. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पुढे टेल्को, बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने उभे राहिले. 1970 साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. या कारखान्यांत पहिल्यांदा आले ते सातारा, सोलापूर, मराठवाड्याचे आपलेच लोक. त्यांनी जागरण-गोंधळ आणला, आपापल्या कुलदैवतांच्या जत्रा आणल्या. तेव्हा त्यांनाही कोणीतरी बाहेरचे म्हटलेच होते. आज त्यांची नातवंडे 'आम्ही मूळचे' म्हणतात.

त्याहून मागे जा. चिंचवडची ओळख ज्या मोरया गोसावींमुळे, त्यांचे आईवडील बिदरकडून मोरगावास आले असे परंपरा सांगते. कानडी मुलखातून आलेल्या घरातला पुरुष पवनाकाठी समाधी घेतो, आणि त्याच्या नावाचा गजर सारा महाराष्ट्र गणपतीपुढे करतो.

आता आपल्या वारीकडे पाहू. आज दिसतो तसा माउलींचा पालखी सोहळा हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधून दिला. बाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, पण चाकरी ग्वाल्हेरला शिंद्यांच्या दरबारी. सोहळ्यात माउलींचे जे अश्व धावतात ते अंकलीच्या शितोळे सरकारांचे, आणि अंकली आज कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यात आहे. म्हणजे ज्याला आपण अस्सल मराठी सोहळा म्हणतो, त्याची शिस्त ग्वाल्हेरचे लष्कर पाहिलेल्या माणसाने लावली आणि त्याचे घोडे कानडी मुलखातून चालत येतात. विठ्ठलालाही माउलींनी कानडा म्हटलेच आहे. देहूची गोष्ट याहून बोलकी आहे. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. कथा अशी सांगतात, की या फकिराचा कटोरा कुठेच भरत नसे, तो तुकोबांच्या लेकीने वाढलेल्या चिमूटभर पिठाने भरला. ही पायरी वारीत कोणा सुधारकाने नव्याने घातलेली नाही. परंपरेनेच ती राखली आहे.

नामदेवराय तर उलट दिशेने गेले. पंढरीहून निघून पंजाबात घुमानला राहिले. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची 61 पदे आहेत. 2015 साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले ते याच नात्यामुळे. आता विचार करा, पंजाबातल्या त्या गावकऱ्यांनी नामदेवांना 'हा मराठी शिंपी इथे कशाला?' म्हणून परत लावले असते तर? आज आकुर्डीच्या गुरुद्वारात त्या ग्रंथापुढे जो शीख बांधव माथा टेकतो, तो आपल्या नामदेवरायांपुढेही माथा टेकतो. आपल्याला ते ठाऊक नसते एवढेच.

आता सणांच्या तिथ्यांकडे वळू, कारण पंचांग उघडले की बरीच भांडणे आपोआप मिटतात. बिहारची छठ कार्तिक शुद्ध षष्ठीची. बायामाणसे छत्तीस तास निर्जळ उपास धरतात, सुपात ऊस, फळे, ठेकुआ घेऊन पाण्यात उभ्या राहतात, मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात आणि सप्तमीच्या पहाटे उगवत्या सूर्याला. मोशीच्या घाटावर याच इंद्रायणीत हे होते. त्यानंतर पाचव्या दिवशी पंढरीची कार्तिकी एकादशी, आणि वद्य पक्षात आळंदीची वारी व त्रयोदशीचा माउलींचा संजीवन समाधी सोहळा. म्हणजे एकाच महिन्यात, एकाच नदीत, आधी ती माउली सूर्याला अर्घ्य देते आणि मग आपण स्नान करतो. गंमत पाहा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेचा पौर्णिमेला. त्यामुळे आपली कार्तिक वद्य त्रयोदशी त्यांच्या पंचांगात मार्गशीर्षात पडते. नाव वेगळे, दिवस एकच, चंद्र एकच.

सिंधी बांधवांचा चेटीचंड चैत्रातल्या पहिल्या चंद्रदर्शनाचा, म्हणजे आपल्या पाडव्याला लागूनच. कानडी-तेलुगू घरांत पाडव्यालाच युगादी. झुलेलाल हे पाण्याचे दैवत. सिंधू मागे राहिली, तर त्यांनी पवनेत दिवे सोडले. नदी हरवलेल्या माणसाने दुसऱ्या नदीला हात जोडले, यात आपल्याला दुखावे असे काय आहे? ओडिशाची जगन्नाथाची रथयात्रा आषाढ शुद्ध द्वितीयेची. तेव्हा आपली पालखी वाटेवर असते. त्यांचा देव रथात, आपली माउली रथात. केरळच्या ओणमाला आपण परका सण समजतो, पण त्याच्या मुळाशी वामन आणि बळी आहेत. आपल्या बलिप्रतिपदेला आयाबहिणी ज्या बळीचे राज्य येवो म्हणतात, तोच तो बळी.

मुसलमानांच्या पंचांगात अधिक महिना नाही. म्हणून त्यांचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. आपण अधिक महिन्याने तूट भरून काढतो. त्यामुळे कधी कधी दोन्ही वाटा एकत्र येतात. 2022 साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद 10 जुलैला एकाच दिवशी आली. 2023 साली पुन्हा तेच, 29 जूनला. मग त्या वर्षी अधिक श्रावण पडला, आपली एकादशी महिनाभर पुढे गेली आणि 2024 साली 17 जुलैला, 2025 साली 6 जुलैला ती मोहरमला येऊन भेटली. चार वर्षे लागोपाठ! या वेळी काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते. 2023 साली पंढरपुरासह अनेक गावांतल्या मुसलमान बांधवांनी एकादशीचा दिवस टाळून पुढच्या दिवशी कुर्बानी केली. त्यांना कोणी कायद्याने भाग पाडले नव्हते. शेजाऱ्याचा उपास आहे, एवढे कारण पुरले.

कोणी म्हणेल, महाराज, हे गोड गोड झाले. मग कडूही सांगतो. दार बंद करण्याचे पाप आपल्या पंथाच्या भूमीवरही घडले आहे. चोखोबांना देवळाबाहेर राहावे लागले, आणि त्यांची समाधी महाद्वारापाशी झाली तरी त्यांच्या समाजाला आत जायला 1947 साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींनी 1 मेपासून 10 मेपर्यंत पंढरीत उपोषण केले. पुढे 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. देहू तिथून हाकेच्या अंतरावर. दरवर्षी त्या दिवशी हजारो लोक तिथे येतात. आपण वारकऱ्यांनी त्या गर्दीकडे पाहताना स्वतःला विचारावे, की तुकोबांच्या गावाशेजारी या लोकांना वेगळी वाट का धरावी लागली? म्हणून 'घाट आपला' हे शब्द उच्चारताना वारकऱ्याची जीभ अडखळली पाहिजे. हे शब्द पूर्वी कोणीतरी चोखोबांना ऐकवले होते.

याचा अर्थ कोणी काहीही करावे असा नाही. संतांनी समता शिकवली, अनाचार नव्हे. इंद्रायणीवर आळंदीत पांढरा फेस तरंगतो, तो सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या मैल्याचा. त्यात कोणत्याही सणाचे निर्माल्य भर घालत असेल, तर ते थांबले पाहिजे. छठवाल्यांना हे सांगण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच, जेव्हा आपण आपले हार, पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे द्रोण वारीनंतर स्वतः उचलू. तीच गोष्ट आवाजाची. सूर्याला अर्घ्य द्यायला कर्णे लागत नाहीत, आणि गणपतीलाही छातीत धडकी भरवणाऱ्या भिंती लागत नाहीत. सणाच्या नावावर स्वतःचे फलक लावणारी मंडळी सगळ्या भाषांत सारखीच. त्यांना आवरायचे तर मराठी-बिहारी असा भेद करून चालणार नाही.

आणि भाषेचे काय? कीर्तन मराठीत होते, मराठीतच व्हावे. अभंगाची गोडी दुसऱ्या भाषेत उतरत नाही. पण मी कीर्तनाला उभा राहत असे तेव्हा मंडपाच्या कडेला, चपलांजवळ, बांधकामावरचे दोन-चार कामगार उभे दिसत. शब्द कळत नसत, पण गजर सुरू झाला की हात टाळीला येत. त्यांना आत या, बसा, म्हणायला सप्ताहातल्या कोणाला सुचत नसे. नामदेवांनी पंजाबात तिथल्या लोकांना समजेल अशा भाषेत पदे केली. मग सप्ताहात एका संध्याकाळी अर्धा तास नामदेवांची तीच पदे घेऊन हिंदीत निरूपण करायला काय हरकत आहे? त्यांच्या मुलांना आपली शाळा मराठी शिकवतेच आहे. चार वर्षांनी तीच पोरे टाळ घेऊन दिंडीत चालतील.

म्हणून चऱ्होलीकरांना आणि आजूबाजूच्या गावांना माझी विनंती साधी आहे. यंदा सप्ताह संपताना काल्याची दहीहंडी फुटेल, तेव्हा नव्या इमारतींत आणि कामगारांच्या वस्तीत आवतण पाठवा. काला म्हणजे तरी काय? गोपाळांनी घरोघरच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कोणाची कोणती हे विचारले नाही, आणि देवाने त्यातूनच घास घेतला. प्रसादाच्या पंगतीत त्यांना शेजारी बसवा. आणि कार्तिक शुद्ध सप्तमीला आपल्यापैकी दहा-वीस जणांनी पहाटे घाटावर जावे, त्यांच्यासोबत उगवता सूर्य पाहावा आणि नंतर मिळून घाट झाडून काढावा. आळंदीची वारी त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत आहे. घाट स्वच्छ असला तर वारकऱ्यांचीच सोय होईल.

रामकृष्णहरी.