गुन्हेगार जमातींची वसाहत, सोलापूर

ब्रिटिश अमदानीत जन्मतः गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना स्थिर जीवनास व मजुरीस लावण्यासाठी मुंबई इलाख्यात ज्या बंदिस्त वसाहती स्थापन झाल्या, त्यांपैकी एक प्रमुख वसाहत. हिंदुस्थानात पहिला गुन्हेगार जमाती कायदा १८७१ साली झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला. नोंदणी, बोटांचे ठसे, ठरावीक हजेरी आणि परवान्यावाचून बाहेर जाण्यास बंदी, ही या व्यवस्थेची प्रमुख अंगे होत.

मुंबई इलाख्यातील वसाहतींची घडण मुख्यत्वे स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने केली. सोलापूर वसाहतीचे व्यवस्थापन प्रारंभी अमेरिकन मराठी मिशनकडे होते. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली व विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इतर गिरण्यांची भर पडली. त्यामुळे कैकाडी, पारधी, टकारी इ. जमातींच्या स्त्री-पुरुषांना गिरण्यांत काम मिळाले आणि मुलांसाठी शाळा निघाल्या. चांगल्या वर्तणुकीची खात्री पटल्यावर कुटुंबास तारेच्या कुंपणाबाहेरील ‘फ्री कॉलनी’त राहू देत. ‘सेटलमेंट’ व ‘फ्री कॉलनी’ ही नावे सोलापुरात आजही रूढ आहेत.

प्रशासकांच्या मते ही सुधारणा होती. अलीकडील अभ्यासकांना तसे वाटत नाही. मद्रास इलाख्यातील कोरवा जमातीचा अभ्यास करून मीना राधाकृष्ण यांनी (२००१) असे दाखविले, की रेल्वे व मीठविषयक सरकारी धोरण यांमुळे भटक्यांचा व्यापार बुडाला आणि निराधार झालेल्यांनाच पुढे गुन्हेगार ठरवून मजूर म्हणून वापरण्यात आले. महमूद ममदानी यांनी आफ्रिकेतील वसाहतवादी राज्यसंस्थेविषयी (१९९६) मांडलेला विचारही येथे उपयुक्त ठरतो : तीच राज्यसंस्था काहींना नागरिक व इतरांना जमातीचे घटक मानून दोन निराळे नियम लावते. सोलापुरातही शिक्षण, वेतन व घर या गोष्टी हक्क म्हणून नव्हे, तर पाळतीच्या बदल्यात मिळाल्या. विकास व नियंत्रण येथे एकाच यंत्रणेचे भाग होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. योगायोग असा, की त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत परवाने रद्द करण्याच्या नावाखाली झालेल्या कायद्याने आफ्रिकी लोकांना ओळखपुस्तिका सक्तीची केली. ते निर्बंध १९८६ पर्यंत टिकले. भारतात कायदा गेला, तरी सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांमुळे पोलिसी संशय उरला. लक्ष्मण माने यांच्या उपरा (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांच्या उचल्या (१९८७) या आत्मकथनांनी हे जीवन आतून मांडले. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये या जमातींसाठी घर, शिक्षण व उपजीविका यांविषयीच्या शिफारशी केल्या. कुंपण निघाल्यानंतर अर्धशतक उलटूनही त्यांची गरज भासावी, यावरून केवळ कायदा रद्द केल्याने नागरिकत्व पुरे होत नाही, हे स्पष्ट होते.