ग्रहणांत जन्मलेलें शिंगरूं

ग्रहणांत झालेला जन्म आपल्याकडे अशुभ मानून त्याची शांति करण्याची चाल होती. १ एप्रिल १७६४ रोजीं इंग्लंडांतून कंकणाकृति सूर्यग्रहण दिसलें, त्या सुमारास ड्यूक ऑफ कंबरलंड या राजपुत्राच्या पागेंत एक शिंगरूं जन्मास आलें. ड्यूकनें शांति वगैरे कांहीं केली नाहीं; उलट ग्रहणाचेंच नांव त्यानें त्याला दिलें. हाच तो सुप्रसिद्ध 'एक्लिप्स'. अंगाचा रंग तांबूस, तोंडावर पांढरा पट्टा आणि एक मागचा पाय पांढरा.

त्याचा पराक्रम पाहणें ड्यूकच्या नशिबीं नव्हतें. १७६५ सालीं तो वारला व पागेचा लिलांव झाला. स्मिथफील्डच्या बाजारांतील मांसाचा व्यापारी विल्यम वाइल्डमन यानें हें शिंगरूं घेतलें. किंमत ७५ गिनी सांगतात. घोडा इतका तापट निघाला कीं, त्याला खच्ची करावा असाही विचार झाला होता. तो बेत तडीस गेला असता तर घोड्यांच्या इतिहासाचें केवढें नुकसान झालें असतें!

पांच वर्षांचा होईपर्यंत तो शर्यतींत उतरलाच नाहीं. ३ मे १७६९ रोजीं एप्सम येथें तो प्रथम धांवला. त्या काळीं शर्यत एका दमांत संपत नसे. चार-चार मैलांच्या फेऱ्या त्याच घोड्यांना एकाच दिवशीं पुन्हां धांवाव्या लागत. विजयी घोडा खुणेच्या खांबाशीं पोंचला असतां जो २४० यार्डांहून अधिक मागें राही, त्याला क्रमांकच मिळत नसे. पहिली फेरी एक्लिप्सनें सहज जिंकली. तेव्हां डेनिस ओकेली नांवाच्या आयरिश जुगाऱ्यानें दुसऱ्या फेरींतील घोड्यांचा क्रम सांगण्याची पैज मारली. त्याचें उत्तर होतें, "एक्लिप्स पहिला, बाकीचे कोठेंच नाहींत." आणि खरोखर तसेंच घडलें.

ओकेलीनें लवकरच ६५० गिनींस घोड्याचा अर्धा हिस्सा विकत घेतला, आणि १७७० सालीं उरलेला अर्धा १,१०० गिनींस. म्हणजे ७५ गिनींचें शिंगरूं १,७५० गिनींवर गेलें. त्या दोन हंगामांत एक्लिप्सनें अठरा शर्यती जिंकल्या. हरला एकही नाहीं. मात्र यांतील कांहीं शर्यतींत प्रतिस्पर्धी मैदानांत आलेच नाहींत व तो एकटाच फेरी घालून परतला, हें विसरतां कामा नये. न्यूमार्केट येथें १७७० च्या एप्रिलमध्यें त्यानें ब्युसेफॅलस या नामांकित घोड्याला हरविलें. कसोटी म्हणावयाची तर ती. पुढें त्याच्यावर पैज घेण्यास कोणी धजेना, आणि त्याची निवृत्ति झाली.

ओकेली पूर्वीं लोकांची डोली वाहत असे, असें सांगत. कर्जापायीं तुरुंगवासही त्याला घडला होता. अशा माणसाला जॉकी क्लबच्या सरदारमंडळींनीं अखेरपर्यंत सभासद करून घेतलें नाहीं. त्याच्या घोड्याच्या वंशाला मात्र हीच मंडळी आतुर. १७८० सालीं डर्बीची शर्यत सुरू झाली, आणि १७८१, १७८३ व १७८४ या तिन्ही वर्षीं ती एक्लिप्सच्या पुत्रांनीं जिंकली; त्यांपैकीं दोघे ओकेलीच्या मालकीचे! १७८७ सालीं ओकेली वारला, तोंपर्यंत क्लबचें दार त्याला बंदच होतें.

एक्लिप्सचा खापरपणजा, डार्ली अरेबियन, १७०४ सालीं अलेप्पोहून इंग्लंडांत आणलेला. आज जगांतील बहुतेक सर्व थरोब्रेड घोड्यांचा पितृवंश एक्लिप्सद्वारां त्याच्यापर्यंत पोंचतो. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या मैदानावर धांवलेलेही त्यांतून वगळतां येत नाहींत.

१७८९ च्या फेब्रुवारींत, चोविसाव्या वर्षीं, पोटशूळानें एक्लिप्स मेला. सॅंबेल नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें त्याचें शवविच्छेदन केलें आणि अवयव न् अवयव मोजून ठेवला. सुंदर घोड्याचीं जीं प्रमाणें फ्रान्सच्या शाळांतून शिकवीत, त्यांशीं हा अजिंक्य घोडा जुळेना! १७९१ सालीं लंडनांत पशुवैद्यक महाविद्यालय निघालें व सॅंबेल त्याचा पहिला प्राध्यापक झाला. एक्लिप्सचा सांगाडा त्याच संस्थेंत जतन केलेला आहे.