एच-एफएबीपी तपासणी : चरबी वाहणारे प्रथिन हृदयाबद्दल काय सांगते?

छातीत दुखते म्हणून रुग्णालयात गेल्यावर काही वेळा रक्ताच्या रिपोर्टवर ‘ट्रोपोनिन’च्या जोडीला ‘एच-एफएबीपी’ हे नाव दिसते. नातेवाईक तो कागद घेऊन विचारतात, “डॉक्टर, ही कोलेस्टेरॉलची तपासणी का?” नाही. कोलेस्टेरॉलशी तिचा थेट संबंध नाही.

आपले हृदय एक क्षणही थांबत नाही, आणि त्याच्या इंधनापैकी साधारण 60 ते 70 टक्के वाटा मेदाम्लांचा, म्हणजे चरबीच्या सुट्या घटकांचा असतो. पण तेल पाण्यात मिसळत नाही, तसे मेदाम्ल रक्तात विरघळत नाही. रक्तात त्याला अल्ब्युमिन नावाचे प्रथिन वाहून नेते. पेशीच्या आत हेच काम दुसरे एक छोटे प्रथिन करते. ते मेदाम्लाला आपल्या पोकळीत धरते आणि जिथे त्याचे ज्वलन होते त्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोहोचवते. हमालच म्हणा ना! अमेरिकेतील रॉबर्ट ऑकनर आणि सहकाऱ्यांनी 1972 मध्ये आतड्याचे अस्तर, यकृत आणि हृदय यांच्या पेशींत मेदाम्ले धरून ठेवणारे असे प्रथिन असल्याचे दाखवले. हृदयात आढळणाऱ्या प्रकाराला एच-एफएबीपी म्हणतात.

त्याचा निदानासाठी उपयोग कसा सुचला? नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ यान ग्लाट्झ आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये उंदरांच्या हृदयांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. रक्तपुरवठा तुटून हृदयाच्या पेशींना इजा झाली की हे प्रथिन बाहेर गळते, असे त्यांत दिसले. कारण सोपे आहे. ते आकाराने लहान असते आणि पेशीतल्या द्रवात मोकळे फिरते. ट्रोपोनिन मात्र बहुतांशी स्नायूंच्या तंतूंना चिकटलेले असते, म्हणून सुटायला वेळ लागतो. त्यामुळे हार्ट अटॅकनंतर एच-एफएबीपी साधारण एक ते तीन तासांत वाढू लागते.

पण ते जितक्या लवकर वाढते, तितक्याच लवकर मूत्रपिंडावाटे बाहेरही पडते. साधारण 24 तासांत पातळी पूर्ववत होते. काल सकाळी दुखले आणि आज दुपारी तपासले, तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. ट्रोपोनिन मात्र कित्येक दिवस वाढलेले राहते. उलट, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा हातापायांच्या स्नायूंना मोठी इजा झाली असेल, तर अटॅक नसतानाही एच-एफएबीपी जास्त दिसते.

आता उच्च-संवेदनशील ट्रोपोनिन चाचणी अनेक ठिकाणी मिळते. तिथे एच-एफएबीपीची फारशी गरज उरत नाही, असे माझे मत आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये ती नसेल तर तपासणी अपुरी झाली असे समजू नका.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दुखणे सुरू झाल्यावर अर्ध्या तासात घेतलेल्या रक्तात यांपैकी काहीच वाढलेले नसू शकते. “रिपोर्ट नॉर्मल आहे, ॲसिडिटीच असेल” म्हणून रुग्ण उठून घरी निघतो. डॉक्टर एक ते तीन तासांनी दुसरा नमुना घ्यायचा आहे म्हणाले, तर थांबा. तेवढ्या वेळात पुन्हा ईसीजीही काढला जातो. घरी असताना छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असे काही जाणवले, तर स्वतः गाडी चालवू नका. 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. दोन्ही नमुन्यांचे आकडे वाचताना डॉक्टरांना ती वेळ लागते.